दिसणं कमी झालं, आता पुण्यात कुठून सुरुवात करायची?

बाबा पेपरचा मथळा लांबून वाचायचे आणि उठून दोन पावलं गेले की टीपॉयला धडकायचे. वर्षभर आम्ही त्यांना "लक्ष कुठे असतं तुमचं" म्हणत राहिलो. लक्ष जागेवर होतं, कडेची नजर गेली होती. काचबिंदूत बहुतेक वेळा असंच होतं. मधलं दिसत राहतं, बाजूचं नकळत मिटत जातं आणि माणूस नळीतून बघितल्यासारखा जगायला लागतो. गेलेली नजर परत येत नाही, थेंब घालायचे ते उरलेली टिकवण्यासाठी.

त्यानंतर आम्ही जी चूक केली ती बहुतेक घरांत होते, म्हणून आधी तीच सांगते. आधी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, मग काठी, मग फोन, असा आम्ही क्रम लावला. प्रमाणपत्राच्या वाऱ्या चालल्या सात महिने आणि तेवढे महिने बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होते. काठी शिकायला, फोन बोलता करायला, स्वयंपाकघरात खुणा लावायला कुठलाही सरकारी कागद लागत नाही. कागदाचं काम मागे चालू राहू द्या, शिकणं याच आठवड्यात सुरू करा. खाली मी एकामागून एक लिहिलंय कारण लिहिताना दुसरा इलाज नसतो. करताना तसं करू नका.

कागदाआधी तपासणी

डोळ्यांच्या डॉक्टरांकडून दोन गोष्टी लेखी मागून घ्या. चष्म्यासकट प्रत्येक डोळ्याची नजर किती, हे एक. दुसरी म्हणजे फील्ड टेस्ट, नजरेची रुंदी मोजणारी चाचणी. काचबिंदू किंवा पडद्याचा आनुवंशिक आजार असेल तर ही दुसरी फार महत्त्वाची. नुसत्या तक्त्यावर बाबांची नजर बरीच चांगली निघायची. ते घरात कसे धडपडतात, हे फील्डच्या कागदावरच दिसलं.

६/६० म्हणजे काय, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. चांगली नजर असलेल्याला जे अक्षर ६० मीटरवरून वाचता येतं, ते ६ मीटरवर आल्यावर वाचता येणं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टी धरतात ती चांगल्या डोळ्याची नजर चष्म्यानंतरही ६/१८ च्या खाली आणि ३/६० पर्यंत असेल तर, किंवा नजरेची रुंदी ४० अंशांहून कमी आणि १० अंशांपर्यंत असेल तर. त्याच्याही खाली गेलं की अंधत्व. मोजमाप चांगल्या डोळ्याचं होतं, हे ध्यानात ठेवा. एक डोळा पूर्ण गेलाय पण दुसरा ठणठणीत आहे, अशा माणसाला ३० टक्के दिव्यांगत्व मिळतं आणि बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात. आमच्या सोसायटीतले एक काका या आशेवर तीन वेळा रांगेत उभे राहिले. पहिल्याच वेळी कुणी आकडा सांगितला असता तर पुढच्या दोन खेपा वाचल्या असत्या. मोतीबिंदू काढण्यासारखा असेल तर तोही आधी काढून घ्या, नाहीतर प्रमाणपत्र देणारा डॉक्टरांचा बोर्ड 'ऑपरेशन करून या' म्हणणार.

डॉक्टरांना आणखी एक प्रश्न विचारायचा: "लो व्हिजन क्लिनिकला पाठवता का?" हा प्रश्न आपणच विचारावा लागतो. मोहम्मदवाडीचं एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय हे पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनचं आहे. दृष्टिहीनांसाठी काम करणाऱ्या संस्थेनेच काढलेलं रुग्णालय असल्यामुळे तिथे चौकशीला सुरुवात करणं सोयीचं. लो व्हिजनमध्ये आजार बरा करत नाहीत, उरलेल्या नजरेतून काम कसं काढायचं ते बघतात. भिंगं, दुर्बिणीसारखे चष्मे, चकाकी कमी करणारे पिवळसर फिल्टर, दिव्याची जागा, हे सगळं तिथे करून बघता येतं.

परस्पर दुकानातून मोठ्ठं भिंग आणू नका. आम्ही आणलं होतं, ते आता कपाटात पडलंय. भिंग जितकं जोरकस तितकं आकाराने लहान आणि तितकंच डोळ्याजवळ धरावं लागतं. दुकानातलं तळहाताएवढं भिंग जेमतेम दुप्पट करतं. क्लिनिकला जाताना वाचायचंय तेच न्या: विजेचं बिल, गोळ्यांची पट्टी, नातवाची पत्रिका. तक्त्यावर वाचता आलं म्हणजे गोळ्यांच्या चंदेरी पट्टीवरचं वाचता येईलच असं नाही.

बिनपैशाचं एक साधन सांगते. काळ्या जाड पुठ्ठ्यात एका ओळीपुरती फट कापा आणि पानावर ठेवा. बाकीची चकाकणारी पांढरी जागा झाकली जाते आणि ओळ चुकत नाही. बाबा अजून पोथीला तेच वापरतात.

यूडीआयडी कार्ड

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र (तेच यूडीआयडी) आता एकाच ठिकाणाहून मिळतं, केंद्र सरकारच्या स्वावलंबन कार्डाच्या पोर्टलवरून. फॉर्म घरबसल्या भरता येतो. फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा एवढं स्कॅन करून ठेवा. नावाचं स्पेलिंग आधारवर आहे तसंच लिहा, अगदी चुकीचं असलं तरी. मोबाइल नंबर असा द्या की जो दिवसा कुणीतरी उचलेल. मग यादीतून रुग्णालय निवडायचं. पुण्यात ससून आणि औंधचं जिल्हा रुग्णालय ही नेहमीची नावं, पिंपरी-चिंचवडकरांसाठी वायसीएम. फॉर्म भरल्यावर नोंदणी क्रमांक येतो, तो कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फाइलला चिकटवा.

जाण्याआधी फोन करून डोळ्यांची तपासणी कोणत्या वारी असते ते विचारा. आम्ही एका रुग्णालयात दोनदा गेलो. पहिल्यांदा फील्ड टेस्ट नव्हती म्हणून परत, दुसऱ्यांदा त्या दिवशी नेत्र विभागाचा बोर्डच बसत नव्हता म्हणून परत. त्यामुळे सगळे मूळ रिपोर्ट आणि त्यांच्या दोन-दोन झेरॉक्स, पाणी, डबा आणि रांगेत उभं राहायला एक तरुण माणूस सोबत न्या.

कार्ड रंगावरून ओळखता येतं: ४० टक्क्यांच्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं. प्लॅस्टिकचं कार्ड टपालाने येतं, पण त्याची वाट बघू नका, ई-कार्ड पोर्टलवरून उतरवून घेता येतं.

घरात काय बदलायचं

फार काही नाही, पण जे कराल ते कायम ठेवा. बघू शकणारी माणसं वस्तू हलवतात आणि विसरतात, दृष्टिहीन माणूस त्या वस्तूवर आपटतो. दारं पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद ठेवायची, अर्धवट दार कपाळाला लागतं. कपाटाचं सरकतं दार चालेल, बाहेर उघडणारं लगेच लावायचं.

रंगांचा विरोध हा अल्पदृष्टीसाठी दिव्याइतकाच मोलाचा. स्टीलच्या ताटात पांढरा भात दिसत नाही, गडद ताटात दिसतो. पांढऱ्या बाथरूममध्ये गडद रंगाचा मग ठेवा. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी मारा. पहिल्या आणि शेवटच्या पायरीला तर नक्कीच, कारण माणसं पडतात ती तिथेच. दिवा डोळ्यांसमोर नको, खांद्यामागून कागदावर पडला पाहिजे.

मीठ आणि साखर वेगळ्या आकाराच्या बरण्यांत ठेवा. तिखटाच्या डब्याला एक रबरबँड, हळदीला दोन. गॅसच्या बटणावर 'बंद'च्या जागी बोटाला लागेल असा एक ठिपका चिकटवा, नेलपॉलिशचा जाड थेंबही चालतो. चहा ओतताना आई आधी ओरडायची, मग बाबांनी स्वतःच युक्ती काढली: कप बेसिनमध्ये ठेवायचा आणि आवाज ऐकायचा. कप भरत आला की ओतण्याचा आवाज वरच्या पट्टीत जातो. गार पाणी असेल तर काठावर बोट आत धरलं की झालं.

ताटाबद्दल परदेशी पुस्तिकांत घड्याळाची पद्धत सांगतात, भाजी तीनच्या जागी वगैरे. आपल्याकडे त्याची गरजच नाही. वर मीठ-लिंबू, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी, मध्ये भात. आजीने शिकवल्याप्रमाणे वाढा, दृष्टिहीन माणसाला न विचारता सगळं सापडतं. आमच्या घरात गेल्या वीस वर्षांत कुणी पानाचा डावा-उजवा पाळत नव्हतं, आता काटेकोर पाळतो.

काठी आणि रस्ता

काठीला बाबांचा विरोध होता. "हातात घेतली की सगळ्या पेठेला कळेल." कळावं म्हणूनच ती पांढरी असते, हे त्यांना पटायला लक्ष्मी रस्त्यावरचा एक प्रसंग लागला. गर्दीत ते एका बाईंना धडकले आणि त्या बाई जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. अर्धवट दिसणाऱ्या माणसाचं दुखणंच हे, की चेहऱ्यावरून काही कळत नाही आणि लोक उर्मट समजतात. घडीची पांढरी काठी आता बाबा दिवसा बगलेतल्या पिशवीत ठेवतात आणि संध्याकाळी, गर्दीत, रस्ता ओलांडताना उघडतात. थोडं दिसत असलं तरी काठी वापरायची मुभा असते, ती फक्त पूर्ण अंधांची नव्हे.

काठीची उंची साधारण छातीच्या मधल्या हाडापर्यंत हवी, म्हातारपणाच्या आधाराच्या काठीएवढी नको. हात पोटासमोर मध्यावर ठेवून मनगटाने डावीकडे-उजवीकडे टेकवत जायचं, खांद्यांपेक्षा जरा रुंद. उजवा पाय पुढे तेव्हा टोक डावीकडे, डावा पुढे तेव्हा उजवीकडे. म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा काठीने आधीच तपासलेली असते. वाचायला सोपं आहे, पायात बसायला काही आठवडे लागतात, आणि हे शिकवणाऱ्याकडूनच शिकावं. मोबिलिटी ट्रेनिंग कुठे मिळेल, हे दृष्टिहीनांच्या संस्थांकडे विचारा. काठीला कमरेवरचं काही कळत नाही, म्हणून झुकलेल्या फांद्या, टपरीचं छप्पर, टेंपोची मागची फळी यांसाठी मोकळा हात चेहऱ्यासमोर आडवा धरायचा सराव करा. आयआयटी दिल्लीत तयार झालेली स्मार्टकेन ध्वनिलहरींनी गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचे अडथळे ओळखून मुठीत थरथरते, पण साधी काठी नीट आल्याशिवाय तिच्या मागे लागू नका.

सोबत चालणाऱ्यांसाठी: दंड धरून ढकलू नका. तुमचा कोपराच्या वरचा भाग त्यांना धरू द्या आणि अर्धं पाऊल पुढे चाला, तुमच्या शरीराची हालचाल त्यांना आपोआप कळते. पायरी आली की क्षणभर थांबून "वर" किंवा "खाली" एवढंच बोला. खुर्चीत बसवायचं म्हणजे त्यांचा हात पाठीवर नेऊन ठेवायचा, बसतील ते स्वतः. आणि निघून जाताना सांगून जा. हवेशी बोलत राहण्याइतकं अपमानास्पद काही नसतं.

पुण्याच्या फुटपाथांबद्दल बोलायचं तर लेख संपायचा नाही. दुचाक्या, पाट्या, झाडाचे कठडे, सगळं तिथेच. सरावासाठी मेट्रो स्टेशन मात्र उत्तम. जमिनीवरच्या पिवळ्या फरशांवर लांबट रेघा असतील तर चालत राहा, गोल ठिपके आले की थांबा, पुढे वळण, जिना किंवा फलाटाची कड आहे. दुपारी गर्दी नसताना वनाज ते रामवाडी नुसती एक फेरी मारा. तिकीट तपासणीजवळच्या कर्मचाऱ्याला मदत लागेल असं आधीच सांगा.

फोन बोलता करणं

माझ्या मते सगळ्यात जास्त स्वातंत्र्य देणारी गोष्ट हीच, आणि घरचे लोक सगळ्यात उशिरा करतात तीही हीच. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, मग ॲक्सेसिबिलिटी, मग टॉकबॅक. आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर. पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या या दोन्ही सोयी फोनमध्ये आधीपासून असतात, फुकट.

पण चालू करून फोन हातात देऊन टाकू नका. आम्ही दिला आणि बाबांनी तो दोन मिनिटांत सोफ्यावर आदळला. आधी भाषा: टेक्स्ट-टू-स्पीचमध्ये जाऊन मराठी आवाज उतरवून घ्या आणि बोलण्याचा वेग कमी ठेवा. मग बंद कसं करायचं ते शिकवा, म्हणजे अडकल्याची भीती जाते. बहुतेक अँड्रॉइड फोनवर आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबून धरली की टॉकबॅक बंद-चालू होतं, ही सोय सेटिंगमध्ये सुरू असल्याची खात्री करून घ्या. पहिले तीन दिवस फक्त तीन गोष्टी: एका बोटाने स्पर्श केला की फोन नाव वाचतो, दोनदा टकटक केलं की ते उघडतं, उजवीकडे बोट सरकवलं की पुढची वस्तू. चौथ्या दिवशी आलेला फोन उचलणं. मग लावणं. व्हॉट्सॲप दुसऱ्या आठवड्यात. रोज वीस मिनिटं पुरे.

अल्पदृष्टी असेल तर टॉकबॅकआधी मोठी ठळक अक्षरं, काळ्यावर पांढरी अक्षरं आणि पडदा मोठा करण्याची सोय वापरून बघा. कित्येकांचं त्यावर वर्षानुवर्षं भागतं. फक्त मान वाकडी करून फोन नाकाला लावायची पाळी आली की आवाजाकडे वळा, हट्ट करू नका.

पिन किंवा यूपीआयचा आकडा टाकताना इयरफोन लावायचा, नाहीतर फोन तो चारचौघांत बोलू शकतो. छापील मजकूर वाचायला गूगलचं लुकआउट किंवा मायक्रोसॉफ्टचं सीइंग एआय घ्या. बी माय आइज उघडलं की कॅमेऱ्यातून अनोळखी स्वयंसेवक बघून सांगतो, पण त्याला बँकेचे कागद दाखवू नका. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, मोफत आहे आणि मराठी वाचतो. आवाज यंत्रासारखा आहे, कान सरावतात.

इथे घरच्यांना आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना एक विनंती. सूचनेचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नका, मजकूर टाइप करा. स्क्रीन रीडरला फोटो म्हणजे नुसतं 'चित्र'. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या मराठी पीडीएफची गत त्याहून वाईट, तिथे तो अगम्य अक्षरांची खिचडी वाचत सुटतो.

नोटा आणि बँक

बाबा टूलरूममध्ये आयुष्यभर बारीक मापं घ्यायचं व्हर्नियर घेऊन बसलेले. नव्या नोटांची लांबी १०० ची १४२ मिलिमीटर, २०० ची १४६ आणि ५०० ची १५०, हे सांगितल्यावर ते पहिल्यांदा हसले. "चार मिलिमीटर? मग काय अडचण आहे." तुमच्या-माझ्या बोटांना अडचण आहे. म्हणून नोट एका बोटाभोवती धरून कायम एकाच ठरलेल्या नोटेशी लांबी ताडून बघायची. शिवाय १०० पासून पुढच्या नोटांच्या कडेला उठावाच्या तिरक्या रेघा असतात, १०० आणि २०० वर चार, ५०० वर पाच. नोट वापरून गुळगुळीत झाली की रेघा जातात, लांबी राहते. रिझर्व्ह बँकेचं मनी (MANI) हे ॲप नोटेसमोर धरलं की किंमत बोलून दाखवतं, इंटरनेट नसतानाही. पाकिटात प्रत्येक नोटेची घडी वेगळी ठेवली तर ॲपही कमी लागतं.

बँकेत मात्र कायदा पाठ करून जा. आमच्या बँकेने, नाव घेत नाही, बाबांना चेकबुक द्यायला नकार दिला आणि संयुक्त खातं करा असा आग्रह धरला. रिझर्व्ह बँकेने ४ जून २००८ च्या परिपत्रकात स्पष्ट लिहिलंय की चेकबुक, एटीएम, नेट बँकिंग, लॉकर, कर्ज यांपैकी काहीही दृष्टिहीन ग्राहकाला नाकारायचं नाही. परिपत्रकाची छापील प्रत मॅनेजरच्या टेबलावर ठेवली आणि लेखी नकार मागितला. लेखी नकार कुणी देत नाही, चेकबुक देतात. तरीही अडलंच तर बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

सवलती, थोडक्यात

एसटीत ७५ टक्के सवलत. दिव्यांगत्व ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबत्याला ५० टक्के. पीएमपीच्या मोफत पाससाठी महापालिकेच्या समाज विकास विभागात चौकशी करा. रेल्वेत मोठी मेख आहे: सवलत फक्त पूर्ण दृष्टिहीनांना, अल्पदृष्टीला नाही. मिळते त्यांना स्लीपर आणि थर्ड एसीत ७५ टक्के, सोबत्यालाही तेवढीच, पण यूडीआयडीवर भागत नाही, रेल्वेचं वेगळं ओळखपत्र काढावं लागतं. संजय गांधी निराधार योजनेत उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये आहेत, अर्ज तहसील कार्यालयात. मतदानाला अठरा वर्षांवरचा सोबती आत नेता येतो, आणि यंत्रावर ब्रेलही असतं.

मूल असेल तर

वेळेआधी, ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोहून कमी वजनाचं जन्मलेलं बाळ असेल तर तिसाव्या दिवसाच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झालीच पाहिजे. इथे दिवस मोजूनच वागायचं, 'घरी गेल्यावर बघू' चालत नाही.

शाळेसाठी पुण्यात जुनी परंपरा आहे. पूना स्कूल अँड होम फॉर द ब्लाइंड १९३४ पासून आहे, मुलांची शाळा कोरेगाव पार्कला, मुलींची कोथरूडला. आळंदीला मुलींची जागृती शाळा आहे. कायद्याने ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या नेहमीच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, पालक निवडतील तिथे, मोफत शिक्षणाचा हक्क आहे. नेहमीच्या शाळेत घालणार असाल तरी ब्रेल शिकवाच. 'आता सगळं ऐकता येतं' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. नुसतं ऐकून शुद्धलेखन आणि गणित येत नाही. परीक्षेत लेखनिक आणि तासाला वीस मिनिटं जादा वेळ मिळतो, त्याचा अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच शाळेमार्फत करा आणि लेखनिकाबरोबर दोन-तीन सराव पेपर सोडवा. शाळेनंतर कॉलेजच्या मुलांसाठी विद्यानगरचं निवांत अंध मुक्त विकासालय आहे, मीरा बडवे यांनी उभं केलेलं. पुस्तकांसाठी सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून चालू आहे.

अडलं तर

शाळा, कार्यालय, रुग्णालय कुठेही हक्क नाकारला तर तक्रारीची जागा पुण्यातच आहे, कॅम्पात चर्च रोडवर, दिव्यांग कल्याण आयुक्तालय. राज्यभरातून लोक तिथे येतात, आपल्याला रिक्षाचं अंतर. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर तारखेसह आवक शिक्का घ्या. तो शिक्का बरोबर उमटलाय का, हे दिसणाऱ्या माणसाने खिडकीवरून हलण्याआधी बघायचं, आणि आवक क्रमांक दृष्टिहीन माणसाच्या फोनमध्ये तिथेच, त्याच्याच आवाजात नोंदवून ठेवायचा.